इंदूर: चर्च आणि कॉन्व्हेंट शाळांच्या स्टाफने मुलांशी खासगी चॅट पूर्ण बंद करावी का?

रामबागवाले
मत आधीच सांगतो. फादर, सिस्टर, शिक्षक, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, क्वायर (चर्चचा गायनगट) बसवणारे, खेळाचे सर, कोणीही अठराच्या खालच्या मुलाशी व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टावर एकट्याने बोलू नये. अपवाद ठेवला की तोच नियम होऊन बसतो. शाळेत मुलाला एकटं घेऊन बसायचं तर दार उघडं ठेवा म्हणतो, मग फोनवर का नाही?

करायचं काय: शाळेच्या नावावर एक सिम, आणि तो फोन ऑफिसातच राहील. वर्गाचा ग्रुप पालकांचा, मुलांचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःचीच अट १३ वर्षांची आहे, म्हणजे सहावीतल्या बहुतेकांना खातं उघडताच येत नाही. साधा ग्रुप नको, कम्युनिटीतला अनाउन्समेंट ग्रुप घ्या. तिथे फक्त अ‍ॅडमिन नवा मेसेज टाकतो आणि पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. अ‍ॅडमिन किमान दोन, त्यातला एक शाळेचा नंबर. नाहीतर मॅडम नोकरी सोडतात, ग्रुप त्यांच्याबरोबर जातो आणि शाळा हात चोळत बसते.

बारावी_फिजिक्स
सर, कागदावर छान आहे. बोर्डाच्या आदल्या रात्री मूल गॉसच्या नियमाच्या गणितात अडकलं तर ऑफिसातल्या कुलूपबंद फोनला विचारणार? तुम्ही दार लावलंत की ते कोचिंगच्या टेलिग्राम चॅनेलवर जाईल. तिथे त्याच्याशी कोण बोलतंय हे ना शाळेला कळणार, ना घरच्यांना. भंवरकुआँला कोचिंगची कमी आहे का!

त्यापेक्षा तिघांचा ग्रुप करा: मूल, आई किंवा वडील आणि शिक्षक. रात्री नऊनंतर उत्तर नाही. ग्रुप सेटिंग बदलण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला ठेवा, नाहीतर कोणीही डिसअपिअरिंग मेसेज सुरू करतं आणि सात दिवसांनी नोंदच उरत नाही.

रामबागवाले
तत्त्व मान्य. पण चाळीस मुलांचे चाळीस ग्रुप सांभाळणार कोण? विषयाचा एकच डाउट ग्रुप ठेवा, त्यात दोन शिक्षक आणि पालक. शंका एकाची, उत्तर सगळ्यांना. सहलीत मूल चुकलं तर फोन जरूर करा, त्याला कोण नाही म्हणतंय? फक्त सहलीच्या रजिस्टरात वेळ लिहा.

आठवी_ब_ची_आई
तुम्ही दोघं चॅटवरच अडकलात. खरा घोळ फोटोंचा आहे. स्पर्धेत नंबर आला की मूल गळ्यात आयकार्ड घालून उभं, आणि फोटो थेट शाळेच्या फेसबुक पेजवर. आयकार्डावर काय असतं? नाव, वर्ग, पत्ता, बापाचा मोबाइल. आजच्या फोनचा फोटो मोठा केला की सगळं वाचता येतं. शिवाय फोटोखाली लिहायचं, 'अभिनंदन' आणि पूर्ण नाव. कोणाला माहिती काढायची असेल तर आपणच ताटात वाढून दिली.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'शाळेला फोटो वापरण्यास संमती' अशी एकच ओळ असते, ती पुरत नाही. चार वेगळे चौकोन हवेत: नोटीस बोर्ड, पालकांचा ग्रुप, सार्वजनिक पेज, वर्तमानपत्र. दरवर्षी नव्याने सही, आणि मध्येच नकार द्यायची सोय. 'फोटो नको' यादी वर्गशिक्षिकेकडे आणि फोटो काढणाऱ्याकडेही. बहुतेक वेळा यादी असते, पण गॅदरिंगच्या दिवशी बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला कोणी दाखवतच नाही. पोस्ट करण्याआधी आयकार्ड काढून ठेवा, नाव आणि चेहरा एकत्र देऊ नका, सहलीचे फोटो बस परत आल्यावरच टाका.

आणि हो, पालकांनाही हे लागू. गॅदरिंगला शंभर फोन वर असतात. आपल्या पोराचा टाका, शेजारच्याचा नको.

धर्मग्राम_मीडिया
ताई, आयकार्डाचं अगदी बरोबर. पण सगळेच चेहरे पुसले तर चर्चचं पेज म्हणजे नुसतं मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) वेळापत्रक उरेल. २०२३ साली व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने सोशल मीडियावर सविस्तर चिंतन प्रसिद्ध केलं. त्याचा सूर 'लांब राहा' असा नाही. तिथे माणूस म्हणून वावरा असा आहे. २५ फेब्रुवारीला धन्य राणी मारिया (१९९५ मध्ये हत्या झालेल्या सिस्टर) यांच्या स्मरणदिनी उदयनगरला भाविक जमतात. तिथले फोटोच टाकायचे नाहीत का?

टाकावेत, पण पद्धत हवी. थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा मागच्या बाजूला उंचावर, तोंड वेदीकडे. कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेच्या वेळी फ्रेम वेदीवरच रोखायची, लोकांच्या चेहऱ्यांवर फिरवायची नाही. यूट्यूबवर लाइव्ह चॅट बंद. रेकॉर्ड केलेलं भक्तिगीत वाजवलं की कॉपीराइटचा दावा येतो आणि कधी मिस्सा अर्ध्यातच थांबते. क्वायरने स्वतः गायलं तरी चाल कोणाची आहे ते आधी बघावं लागतं. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी: 'आज प्रक्षेपण आहे, उजवीकडचे बाक कॅमेऱ्याबाहेर.'

वकील_एमजी_रोड
दादा, उदयनगरच्या फोटोंत कॅमेऱ्यापेक्षा फोटोखालची ओळ जास्त अडचणीची ठरते. आपल्याकडे मध्य प्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम २०२१ आहे, प्रलोभन किंवा जबरदस्तीने होणारं धर्मांतर रोखणारा. त्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षण आणि चांगलं राहणीमान हेसुद्धा येतं. 'आदिवासी मुलांना मोफत प्रवेश, प्रभूची कृपा' हे तुम्ही भक्तिभावाने लिहाल, तक्रार करणारा ते पुरावा म्हणून जोडेल. अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचं प्रकरण असेल तर शिक्षा दोन ते दहा वर्षं. शिष्यवृत्तीची पोस्ट वेगळी, प्रार्थनेची वेगळी. एकात मिसळू नका. डिसेंबर २०२३ मध्ये शाजापूरच्या जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांनी सांताच्या वेशासाठी पालकांची लेखी परवानगी घ्यायला सांगितलं होतं. नाताळच्या फोटोंआधी ते कागद फाइलला लावा.

नवा डेटा संरक्षण कायदाही (२०२३) अठराखालच्यांना मूलच धरतो आणि पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो. ताईंचे चार चौकोन तिथेही उपयोगी.

धर्मग्राम_मीडिया
म्हणजे घाबरून गप्प बसायचं? शाळा मोफत शिकवते हे खरं आहे, तर ते लपवायचं का?

वकील_एमजी_रोड
लपवू नका. आकडा, पात्रता आणि अर्जाची तारीख लिहा. विशेषणं आणि वचनं गाळा.

सुदामानगरी
सगळे भाविकांबद्दल बोलताय, स्टाफच्या खासगी आयुष्याचं काय? शिक्षिकेने स्वतःच्या स्टेटसवर राजकीय मत टाकलं तर मुख्याध्यापिका नोटीस देणार?

बारावी_फिजिक्स
द्यावी का, हा वाद वेगळा. पण तिने पालकांचे चाळीस नंबर सेव्ह केलेत आणि त्यांनी तिचा, म्हणजे स्टेटस त्या चाळीस घरांत रोज दिसतं. स्टेटसच्या सेटिंगमध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' करून पालकांना वगळा, किंवा पालकांसाठी शाळेचा नंबर वापरा. मत तुमचं, प्रेक्षक कोण ते तुम्ही ठरवा.

लाल_चर्च_वाचक
एक अवघड प्रश्न. दहावीतली मुलगी रात्री फादरांना लिहिते, 'कोणाला सांगू नका, घरातला माणूस त्रास देतो.' फादर गुप्ततेला बांधलेले नाहीत का?

धर्मग्राम_मीडिया
गुप्तता कन्फेशनची, म्हणजे फादरांसमोरच्या पापकबुलीची, असते आणि कन्फेशन ऑनलाइन होत नाही. व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केलंय की इंटरनेटवर कन्फेशनसारखे धार्मिक संस्कार होत नाहीत. चॅटमधलं बोलणं त्या गुप्ततेत येत नाही. म्हणून 'हो, कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचंच नाही.

वकील_एमजी_रोड
बरोबर. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने स्वतः पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापकांना किंवा बिशपांना सांगून ती जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मेसेज डिलीट करू नका, खोदून विचारू नका, ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. मुलांच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर, फोन करता येतो.

रामबागवाले
बघा, म्हणूनच म्हणत होतो, खासगी चॅट नकोच.

लाल_चर्च_वाचक
उलट आहे, सर. चॅट नसती तर तिने सांगितलंच नसतं. बंदी घालायचीच असेल तर आधी समुपदेशिकेचा नंबर प्रत्येक वर्गात लावा, मग घाला.

रामबागवाले
समुपदेशिकेचा नंबर हवाच, लिहून घेतो. बाकी माझा हट्ट कायम.

आठवी_ब_ची_आई
आणि बारावीतलं मूल फेब्रुवारीत अठराचं झालं की नियम संपला का?

बारावी_फिजिक्स
वयावर नको, टीसीवर ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत ते विद्यार्थीच.