आत वळलेले केस (इनग्रोन हेअर): घरच्या घरी काय करावं, काय टाळावं?

रानजाई

दाढीनंतर गळ्यावर आणि वॅक्सनंतर मांड्यांवर, जांघेत येणाऱ्या बारीक पुळ्यांबद्दल विचारायचं आहे. गळ्याचा त्रास भावाला: एक दिवसाआड दाढी, तीन पात्यांचा रेझर, गुळगुळीत व्हावी म्हणून शेवटचा हात उलटा. मांड्यांचा मला, वॅक्सनंतर साधारण दहाव्या दिवसापासून. पुळी लालसर, मधे काळा ठिपका, काही ठिकाणी कातडीखाली केसाचं वेटोळं स्पष्ट दिसतं. चिमट्याने केस उपटला की दोन दिवस बरं, मग तिथेच पुन्हा पुळी आणि वर काळा डाग. साखरेचा स्क्रब, लिंबू-सोडा, टी ट्री तेल, कोरफड, हळद, टूथपेस्ट असं बरंच काही सुचवलं जातं. यातलं खरोखर उपयोगी काय? प्रमाण किती? आणि केस बाहेर काढायचा की नाही?

शिसवी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. केसाचं अडकलेलं टोक मोकळं करायचं, केस उपटायचा नाही. उपटल्यावर मुळातून नवा केस येतो तो बारीक, निमुळत्या टोकाचा. वरची कातडी अजून सुजलेली असते, ती भेदून बाहेर येणं त्याला जमत नाही आणि तो पुन्हा आतच वळतो. तीच पुळी त्याच जागी परत येण्याचं कारण हेच.

केस रुततो दोन तऱ्हेने. कुरळा केस बाहेर येऊन वाकतो आणि शेजारच्या कातडीत शिरतो, ही एक. दुसरी जास्त पात्यांच्या रेझरची. पहिलं पातं केस किंचित वर ओढतं, पुढचं कापतं, आणि कापलेला केस कातडीच्या पातळीखाली मागे सरकतो. तिरक्या कापामुळे त्याला धार आलेली असते, मग तो रोमछिद्राची भिंतच आतून टोचतो. उलटा हात आणि कातडी ताणून धरणं, या दोन्हींनी हेच होतं. म्हणजे भावाच्या बाबतीत औषधाआधी रेझर बदलायला हवा.

आता करायचं काय:

सर्वात आधी त्या भागाची दाढी, वॅक्स, चिमटा, सगळं बंद. किमान 3 ते 4 आठवडे. दाढीचा केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, आणि एवढा लांब झाला की रुतलेलं टोक स्प्रिंगसारखं आपोआप सुटतं. पहिल्या आठवड्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, कारण अर्धवट वाढलेले खुंट अजून टोचत असतात. बहुतेक लोक नेमके तिथेच धीर सोडून पुन्हा रेझर हातात घेतात. दाढी ठेवणं शक्यच नसेल तर ट्रिमरने 1 मिलिमीटर खुंट ठेवून कापावी, ट्रिमर कातडीवर दाबू नये.

सोबत शेक. स्वच्छ सुती कापड सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, 10 ते 15 मिनिटं पुळीवर ठेवायचं, दिवसातून 3 वेळा. कापड गार झालं की पुन्हा बुडवायचं. कातडी मऊ होते, सूज उतरते, आणि बरेचसे केस एवढ्यानेच वर येतात.

सुई वापरायची ती केसाचं वेटोळं डोळ्यांना दिसत असेल तरच. शेक झाल्यावर लगेच, चांगल्या उजेडात. हात साबणाने धुवा, सुई आणि ती जागा 70 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुई कातडीला जवळजवळ समांतर धरून टोक वेटोळ्याच्या कमानीखालून सरकवा आणि हलकेच वर उचला. केस सुटला की टोक बाहेर उभं राहतं. तिथे थांबा. रक्त आलं म्हणजे सुई खोल गेली. केस दिसत नसताना खणलं तर डाग राहणार.

अनुस्वार

शिसवींशी सहमत. आता उपायांचं एकेक.

साखरेचा स्क्रब प्रतिबंधाला चांगला, लाल झालेल्या पुळीवर नाही. 2 चमचे बारीक साखर (दाणेदार असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून) आणि 1 चमचा तेल. ओल्या कातडीवर बोटांच्या टोकांनी गोल गोल, 30 ते 40 सेकंद, आठवड्यातून दोनदा. काम एवढंच की रोमछिद्राच्या तोंडावरची मृत कातडी निघावी. घासून कातडी लाल झाली तर तुम्ही नवी सूज तयार केलीत, आणि सुजलेल्या कातडीत केस आणखी अडकतो. चेहऱ्याला साखरही नको, मऊ ओला नॅपकिन पुरे.

टी ट्री तेलात जंतू मारण्याचा गुण आहे, पण ते कधीही तसंच लावायचं नाही. 1 चमचा (5 मिलि) साध्या तेलात 2 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास वाट बघा. बाटली जुनी असेल तर टाकून द्या. हवा लागून जुनं झालेलं तेल ॲलर्जी जास्त देतं. जांघेत मी सुचवणार नाही.

कोरफड जळजळ कमी करते, केस सोडवत नाही. पान कापल्यावर 10 ते 15 मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या. तो चीक काहींना खाजतो. मग फक्त पारदर्शक गर.

हळदीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पिवळ्या रंगाखाली लाली किती पसरली ते दिसत नाही, आणि पुळी चिघळते आहे की बसते आहे हे ओळखण्याची तीच तर खूण.

टूथपेस्ट नाही. ती कातडी कोरडी करते आणि चिडवते, बाकी काही नाही.

घरगुतीच्या जरा पलीकडे जायची तयारी असेल तर औषधाच्या दुकानातलं 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड या सगळ्यांपेक्षा भरवशाचं. ते रोमछिद्राच्या तोंडाशी साचलेली मृत कातडी सैल करतं. एक दिवसाआड रात्री, पातळ थर, फुटलेल्या कातडीवर नाही. ॲस्पिरिनच्या गोळ्या कुटून लेप लावणं म्हणजे तेच, असं सांगितलं जातं. ते तेच नाही, ॲस्पिरिनमधलं रसायन वेगळं आहे.

पाऊलवाट

लिंबू-सोड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. लिंबाने डाग जातात आणि सोड्याने मृत कातडी निघते ना? आठवड्यातून एकदा केलं तर काय हरकत?

अनुस्वार

@पाऊलवाट, राहून गेलं, बरं झालं विचारलंत. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, पीएच 5 च्या आसपास. लिंबाचा रस 2 च्या जवळ, सोड्याचं पाणी 8 च्या वर. एक भाजतो, दुसरा कातडीचा संरक्षक थर बिघडवतो, आणि एकत्र केले तर फसफसून एकमेकांना निकामी करतात. शिवाय लिंबाचा रस राहिलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन महिनोनमहिने टिकणारे काळे डाग पडतात. म्हणजे जे घालवायचे होते तेच. डागांसाठी खरा उपाय म्हणजे नवी पुळी येऊ न देणं, आणि उघड्या भागावर रोज एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. डाग हळूहळू, काही महिन्यांत फिकट होतात.

रानजाई

खूप मदत झाली. भावाने आज रेझर ठेवून दिला. आता दोनच प्रश्न. महिन्याने दाढी सुरू करताना नेमकं काय बदलायचं? आणि वॅक्स पूर्ण सोडायचं का?

शिसवी

दाढी आंघोळीच्या शेवटी, खुंट भिजून मऊ झाल्यावर. फेस लावून 2 मिनिटं थांबायचं. एकाच पात्याचा रेझर, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता, एका जागी एकच हात. गळ्यावर केसांची दिशा जागोजाग बदलते. जबड्याखाली खाली जाणारी, कंठाजवळ बहुतेकदा वर किंवा आडवी. म्हणून आधी दोन दिवसांच्या खुंटांवर बोट फिरवून बघा: ज्या बाजूला बोट गुळगुळीत जातं ती सुलट. प्रत्येक हातानंतर पातं धुवायचं, 5 ते 7 दाढ्यांनंतर बदलायचं. शेवटी गार पाण्याचं कापड 5 मिनिटं. गालावर हात फिरवल्यावर थोडं खरखरीत लागणारच, आणि तसंच लागायला हवं.

वॅक्स सोडायलाच हवं असं नाही. केस 6 मिलिमीटरच्या आसपास झाल्याशिवाय करू नका. आखूड केस मुळातून न निघता कातडीखाली तुटतात आणि तुटकं टोक रुततं. पट्टी कातडीलगत ओढायची, वर उचलून नाही. नंतर 2 दिवस घट्ट कपडे, घाम, स्क्रब टाळा. तिसऱ्या दिवसापासून मऊ कापडाने हलकं घासायला हरकत नाही. इतकं करूनही दर वेळी पुळ्या येत असतील तर मांड्यांनाही ट्रिमर, किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे लेझर. केस कमी झाले की मूळ कारणच कमी होतं.

अनुस्वार

एक धोक्याचं. केसतोड वेगळं. त्यात जंतुसंसर्ग असतो: गाठ मोठी, गरम, ठणकणारी, पिकलेली. तिला सुई लावू नका, पिळू नका. लाली पसरत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा जखमेचे वण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असेल तर घरगुती काहीही न करता डॉक्टरांना दाखवा. काखेत-जांघेत दुखऱ्या गाठी पुन्हा पुन्हा येत असतील तर तो वेगळाच आजार असू शकतो. आणि जांघेत खाज थांबवायला मिश्र स्टेरॉइडची मलमं स्वतःच्या मनाने कृपया लावू नका. तिथली कातडी आधीच पातळ असते, ती आणखी पातळ होते आणि पडलेले पट्टे कायमचे राहतात.