मदत हवी आहे: बीगलची स्वतःची नॉर्मल रेंज कशी काढायची?

सीरमवाला: सोमवारच्या आत उत्तर हवंय. नवीन अ‍ॅनालायझर (रक्ततपासणीचं मशीन) आलाय. त्यात कंपनीने भरून दिलेल्या रेंजने आमचे निम्मे बीगल आजारी ठरवलेत. एएलपी (यकृत-हाडांतलं एन्झाइम) आणि फॉस्फरसला सरसकट 'हाय'. कुत्री ठणठणीत आहेत, भुंकून डोकं उठवतात. साहेब म्हणतात, आपली रेंज काढा. एक्सेलमध्ये सरासरी अधिक-उणे दोन एसडी (प्रमाण विचलन) करून दिलं तर चालेल ना?

पशुवैद्य_सांगली: किती कुत्री? वय काय? उपाशी होती का? सीरम (गोठलेल्या रक्तातला द्रव) की हेपरिन प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला)?

अण्णा लॅबवाले: एवढा काथ्याकूट कशाला? पुस्तकातली रेंज उचला, भरा, मोकळे व्हा. आयुष्यभर लॅब चालवतोय.

सुधा_आकडेवाली: माणसांची, अण्णा.

सीरमवाला: ३२ आहेत, १६ नर १६ मादी. सीरम, रात्रभर उपाशी. वय सहा-सात महिने. त्याने काय फरक पडतो?

पशुवैद्य_सांगली: सगळा फरक त्यानेच पडतो! हाडं वाढतायत अजून. हाडातला एएलपी रक्तात येतो, फॉस्फरसही चढाच असतो. मशीनमधली रेंज मोठ्या कुत्र्यांची असणार. ग्लोब्युलिन (रक्तातली प्रथिनं) बघा, या वयात 'लो' दाखवत असेल.

सीरमवाला: हो! बऱ्याच जणांचं लो आहे. मी ते सोडूनच दिलं होतं.

सुधा_आकडेवाली: आता एसडीचं. सीके (स्नायूंचं एन्झाइम), एएलटी (यकृताचं) उजवीकडे शेपूट काढून बसतात, म्हणजे मोजक्या कुत्र्यांचे आकडे फार वर जातात. सीकेची सरासरी वजा दोन एसडी केलीत तर खालची मर्यादा उणेसुद्धा येईल, मग साहेबांना काय सांगणार? पशुवैद्यकीय क्लिनिकल पॅथॉलॉजीवाल्यांच्या (एएसव्हीसीपी) मार्गदर्शक सूचना वाचा. १२० कुत्री असतील तर सरळ २.५ ते ९७.५ पर्सेंटाइल (मधले ९५ टक्के). ३२ मध्ये आधी वितरण तपासा, लागलं तर आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या किंवा रोबस्ट (टोकाच्या आकड्यांना न बधणारी) पद्धत वापरा, आणि दोन्ही मर्यादांचे ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (मर्यादा किती अनिश्चित ते दाखवणारा पट्टा) छापा. नर-मादी वेगळे करू नका, १६ मध्ये काही निघत नाही.

टॉक्स_जुना: रेंजचं एवढं वेड कशाला? औषधाच्या अभ्यासात तुलना त्याच अभ्यासातल्या कंट्रोल (औषध न दिलेल्या) गटाशी आणि त्याच कुत्र्याच्या डोसआधीच्या आकड्याशी करतात. कुत्रं रेंजमध्ये राहूनही त्याचं एएलटी दुप्पट होऊ शकतं.

सुधा_आकडेवाली: बरोबर, पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

अण्णा लॅबवाले: हिमोलाइज्ड (तांबड्या पेशी फुटलेले) नमुने आधी फेका. पोटॅशियम वाढलेलं येतं.

पशुवैद्य_सांगली: पुन्हा माणसं! अकिता, शिबा असली कुत्री सोडली तर बहुतेकांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम कमीच असतं. हिमोलिसिसने एएसटी (यकृत-स्नायूंचं एन्झाइम) मात्र वाढतं, म्हणून फेका.

चिनूची_आई: आमच्या लॅब्राडोरचा एएलपी ४१० आलाय, वय नऊ. घाबरायचं का? खाजेसाठी गोळ्या चालू आहेत.

पशुवैद्य_सांगली: गोळ्या स्टिरॉइडच्या आहेत का? कुत्र्यांत त्यानेही एएलपी वाढतो. आपणहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ताई, नवा धागा काढा.

रानवारा: एवढी गोंडस जनावरं, आणि प्रयोगानंतर त्यांचं काय होतं ते कुणी बोलत नाही.

टॉक्स_जुना: बोलतात की. नंतरच्या देखभालीचा आणि पुनर्वसनाचा खर्च संशोधनाच्याच खर्चात धरायचा, असा आपल्याकडे नियम आहे. आमच्याकडचे दोन बीगल आज घरोघरी सोफ्यावर आहेत.

रानवारा: आणि बाकीचे?

सीरमवाला: वेगळा धागा काढा ना प्लीज! सुधाताई, एकाचा सीके १८०० आलाय, बाकी सगळे ३०० च्या आत. काढून टाकू?

सुधा_आकडेवाली: नुसता डोळ्यांना खुपतो म्हणून नाही. कारण शोधा, ते लिहून ठेवा, मग काढा.

पशुवैद्य_सांगली: शीर सापडेना म्हणून चार-पाचदा सुई खुपसली असेल, स्नायूला लागलं की सीके चढतो. रक्त कोणी काढलं त्याला विचारा.

सीरमवाला: तो सुट्टीवर आहे. फोन उचलत नाही.