ऑफरोड गाडी घ्यायची आहे, शोरूममध्ये घासाघीस कशी करावी? (बजेट १५ लाख ऑन-रोड)

मुरबाडची_वाट: मंडळी, राहायला मुलुंड, शेत मुरबाडच्या पुढे. शेवटचा पट्टा कच्चा, पावसात नुसता चिखल. थार की जिम्नी? वरचं सामान (अ‍ॅक्सेसरीज) काय घ्यावं, भावात कुठे ताणावं? पंधराच्या वर एक रुपया नाही. सोबत आई, गुडघ्यांचा त्रास. सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग.

ठाणे_टॉप_गिअर: थार रॉक्स घ्या, डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद). विषय संपला.

मुरबाडची_वाट: बजेट वाचलंत का?

ठाणे_टॉप_गिअर: गाडी रोज रोज घेतो का माणूस? हप्ता जरा वाढेल, एवढंच.

गिरगाव_गल्ली: जिम्नी! वजन बाराशे किलोच्या आसपास, चिखलात रुतायचं नाव नाही. लो रेंज (चढ-चिखलासाठी कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) सगळ्या व्हेरिएंटना. आमची ताम्हिणीत भर पावसात चढली, मागे मोठ्या गाड्यांची रांग बघत उभी होती. डिकीचं विचारू नका.

कोटेशन_काका: आधी कोटेशन सुटं करून मागा, एका ओळीत एक आकडा. एक्स-शोरूम आणि रोड टॅक्सवर वाद घालण्यात अर्थ नाही. पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, पुढे वीसपर्यंत १२. डिझेलला दोन टक्के जास्त. ताणायचं ते खालच्या ओळींत: हँडलिंग चार्जेस, 'एसेन्शियल किट', टेफ्लॉन कोटिंग, विमा. हँडलिंगवर पेनाने काट मारा आणि गप्प बसा, सेल्समन स्वतःच मॅनेजरकडे जातो. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा कोट समोर ठेवा. एक्स-शोरूम दहाच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस (डीलर आगाऊ घेतो तो प्राप्तिकर) लागतो, तो रिटर्न भरताना वजा होतो. चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना बघा; मागच्या वर्षीची असेल तर सूट मागायला लाजू नका.

भांडुप_बुलेट: पुढचा बंपर गार्ड फुकटात मागा, देतात.

कोटेशन_काका: डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे त्याला. एअरबॅगचा सेन्सर गंडतो.

भांडुप_बुलेट: मला तर कोणी अडवलं नाही आजवर.

गिरगाव_गल्ली: पादचाऱ्याला लागल्यावर अडवतील.

भांडुप_बुलेट: धागा गाडीचा आहे की प्रवचनाचा?

आकडेमोड: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पंधराशे सीसीपर्यंतच्या डिझेलला जीएसटी १८ टक्के. तीन दारांची रिअर व्हील (फक्त मागच्या चाकांना ताकद) थार डिझेल यात बसते. जिम्नी १४६२ सीसी पेट्रोल, म्हणून ४० टक्क्यांत. थार २.२ डिझेलही ४० मध्येच.

ठाणे_टॉप_गिअर: फोर बाय फोर नसलेली थार म्हणजे तर्रीविना मिसळ.

दादर_दोनतीन: विमा बाहेरून घ्या. कुणी सांगितलं नाही का अजून? आणि मोठे टायर लावू नका, वॉरंटीला भांडण, स्पीडोमीटर खोटा, वर डिझेल जास्त पितं.

चेंबूर_चिमणी: टेप घेऊन पार्किंगच्या पॅलेटवरची (गाडी उभी करायच्या लोखंडी पाटावरची) उंची मोजा हो आधी! जिम्नी १७२० मिलिमीटर, थार १८०० च्या वर. आमच्या सोसायटीत एकाने मोजलं नाही, नवीकोरी गाडी रस्त्यावर, रोज टोइंगवाल्यांची वाट बघतो.

मुरबाडची_वाट: मोजलं. थार बसत नाही.

गिरगाव_गल्ली: म्हणजे जिम्नी. पेढे कुठे?

मुरबाडची_वाट: नाही. थार, रिअर व्हील, डिझेल. बुक केली. तळमजल्यावरच्या काकांशी पार्किंगची अदलाबदल झाली, त्यांची हॅचबॅक आमच्या पॅलेटवर. हँडलिंग गेलं, बाहेरचा कोट दाखवल्यावर विमा शोरूमनेच तेवढ्याच भावात दिला. मॅट आणि मड फ्लॅप सोडून काही घेतलं नाही. फोर बाय फोर कशाला, भर पावसात शेताकडे तसंही चालतच जातो. टेस्ट ड्राइव्हला आई हँडल धरून पुढच्या सीटवर चढली आणि म्हणाली, 'मी इथेच बसणार, मागे सून जाईल.' सून अजून बोलत नाहीये.

ठाणे_टॉप_गिअर: पाच दारं. म्हणून रॉक्स म्हणत होतो.