ऑटिस्टिक मुलाचं गहू-दूध सरसकट बंद करावं का? माझं मत : तपासणीआधी अजिबात नाही

अन्नपूर्णा_रोडची_आई

मुलगा सात वर्षांचा, ऑटिस्टिक. खातो ते एवढंच : फुलका, बिनफोडणीचं वरण, भात, दही, पोहे, पार्ले-जी आणि केळं. पोह्यांत कांदा, मिरची, शेव काही दिसता कामा नये. (इंदूरमध्ये राहून शेवेला नाही म्हणणारा हा एकटाच असावा.) केळ्यावर काळा ठिपका दिसला की ताट सरकवलंच.

एका थेरपी सेंटरमध्ये त्याला जेमतेम बघून सांगितलं, गहू आणि दूध आजपासून बंद, आतडं साफ झालं की बोलायला लागेल. सोबत पावडरींच्या डब्यांची यादी. सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तोच सूर. मी बंद केलेलं नाही. आधी डॉक्टरी तपासणी, मग पथ्य. का, ते लिहिते. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडा.

ज्या कल्पनेवर हे पथ्य उभं आहे तिची सुरुवात १९७९ ची. याक पांक्सेप या शास्त्रज्ञाने मांडलं की ऑटिझममागे मेंदूत अफूसारखं काम करणाऱ्या रसायनांचा अतिरेक असावा. पुढे त्याला जोड मिळाली की गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसिन अर्धवट पचलं की तसेच तुकडे होतात आणि ते आतड्यातून झिरपून मेंदूपर्यंत जातात. ऐकायला पटतं. पण २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलग्यांच्या लघवीत हे तुकडे शोधले, सापडले नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या संशोधकांची चाचणी छापून आली. आधी मुलांना पथ्यावर ठेवलं, मग खाऊतून कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी यातलं काहीच नाही असं दिलं. कोणत्या दिवशी काय दिलं ते आईबापांना माहीत नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नाही. वागण्यात, झोपेत, पोटात ठरवून सांगावा असा फरक निघाला नाही. मुलं १४ च होती, हे खरं. पण ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१३ पासून सांगून ठेवलंय की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असली वर्ज्य-पथ्यं वापरू नका.

आणि वरची यादी पुन्हा वाचा. त्यातून गहू-दूध काढा. वरण, भात, पोहे, केळं. एवढ्यावर मूल वाढवायचं?

सुदामानगरची_ताई

ताई, तुमचा मुद्दा समजला, पण मला अजिबात पटलेलं नाही. माझी लेक सहा वर्षांची. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही, रात्री रडून घर डोक्यावर घ्यायची. दूध बंद केलं आणि पंधरवड्यात पोट मार्गी लागलं. झोपायला लागली, म्हणून शाळेत बसायला लागली. आता मी १४ मुलांच्या चाचणीकडे बघू की माझ्या घरातल्या पोरीकडे? संशोधन यायचं तेव्हा येईल, तोवर मूल लहान थोडंच राहणार आहे?

आणि "तपासणीआधी अजिबात नाही" हे वाक्य तुम्ही फार सहज लिहिलंत. भाताला कोणी तपासणी मागत नाही, दुधालाच का मागायची?

रामबाग_जुना_वाडा

सुदामानगरच्या ताईंच्या बाजूने एक भर. २०१० मध्ये डेन्मार्कमधल्या मुलांवर झालेली चाचणी आहे, त्यात ७२ मुलं होती आणि पथ्यावरच्या मुलांत काही बाबतींत सुधारणा नोंदली गेली. धागा काढणाऱ्या ताईंनी ती सोयीस्करपणे गाळली.

अन्नपूर्णा_रोडची_आई

@रामबाग : गाळली नाही, लांबण लागलं असतं म्हणून सोडली. त्या चाचणीत कोणाचं पथ्य चालू आहे ते घरच्यांना ठाऊक होतं. जी आई चक्की, भांडी, डबे बदलून दमलीये तिला मूल शांत वाटणारच. मलाही वाटेल.

@सुदामानगरची ताई : तुमच्या लेकीचं पोट सुधारलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्या मुलाचं पोट दुखतं आणि ज्याला ते सांगता येत नाही, ते आपटणार, चावणार, जागणार. दुखणं थांबलं की शांत होणार. त्यावरून ऑटिझम दुधामुळे होता असं निघत नाही. माझं भांडण "बोलायला लागेल" म्हणून हमी देणाऱ्यांशी आहे.

आहार_सल्ला_इंदूर

मी आहारतज्ज्ञ आहे, मुलांसोबतच काम करते. दोघीही एक गोष्ट मागे ठेवून बोलताय.

गहू बंद करायचा विचार मनात आला तर आधी सीलिअॅकची (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी करा : टीटीजी-आयजीए (या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडी) आणि त्यासोबत एकूण आयजीए. ही तपासणी मूल गहू खात असतानाच करायची. आधी गहू बंद केला तर अँटिबॉडी खाली येतात आणि आजार असूनही अहवाल साफ येऊ शकतो. मग पुन्हा गहू सुरू करून थांबावं लागतं, तेव्हा आई आणि मूल दोघांचे हाल. आपल्याकडे उत्तरेच्या गव्हाच्या पट्ट्यात सीलिअॅक दुर्मीळ नाही. वजन वाढत नाही, पोट फुगतं, रक्त कमी, अशा मुलाला "ऑटिझममुळे खात नाही" म्हणून सोडून देऊ नका.

दुधाचा त्रास दोन प्रकारचा असतो. लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसेल तर गॅस, जुलाब. त्यांना दही पुष्कळदा चालतं आणि लॅक्टोज काढलेलं दूधही चालतं. दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी वेगळी, तिथे लॅक्टोज काढलेल्या दुधाचा उपयोग नाही कारण केसिन त्यात तसंच असतं. लहान मुलांत जुनाट बद्धकोष्ठ दूध थांबवल्यावर सुटल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे सुदामानगरच्या ताईंचा अनुभव मला नवलाचा वाटत नाही.

ताई, आता तुम्हाला विचारते, रागावू नका. घरी अंडी खाता का? तुम्ही शाकाहारी असाल तर दूध-दही बंद केल्यावर लेकीला रोजच्या खाण्यातून बी-१२ मिळायची वाट जवळपास उरत नाही. कॅल्शियमचंही तेच. २००८ च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलग्यांची हाडं वयाच्या मानाने पातळ आढळली आणि केसिनमुक्त पथ्यावर असलेल्यांची जास्तच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. मोड आणून, वाळवून दळली तर बरं.

सुदामानगरची_ताई

अंडी नाही. बी-१२ बद्दल आजवर मला कोणीही सांगितलेलं नाही, पथ्य देणाऱ्यांनीही नाही आणि पथ्याला नावं ठेवणाऱ्यांनीही नाही. तपासून घेते.

लोकमान्यनगरची_आजी

मुलींनो, एवढं भांडता कशाला. आमच्या लहानपणी घरात ज्वारी आणि मका, गव्हाची पोळी सणाला. शरबती गव्हाचं कौतुक नंतरचं. उपासाला साबुदाणा, मोरधन (वरई), राजगिरा आहेच. उकडीच्या मोदकात गहू नाही, दूध नाही, वरचं तूप सोडलं की झालं. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा) तेवढा दुधाशिवाय जमत नाही, पण थंडीत गराडू (कंद) तळून द्या, कोण नाही म्हणेल? मराठी घरात हे पथ्य अवघड नाही, सवय हवी. भूक लागली की पोर भाकरीसुद्धा खातं.

अन्नपूर्णा_रोडची_आई

आजी, नमस्कार. बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही. याला भूक लागली तरी तो भाकरी खात नाही, तो उपाशी राहतो. आम्ही पाहिलंय आणि डॉक्टरांनी पुन्हा तसं करायचं नाही म्हणून बजावलंय. फुलक्याची कडा गोल हवी, वरचे डाग बारीक हवेत, बोटाने दाबल्यावर मऊ लागायला हवा. भाकरीची तडकलेली कड बघूनच तो उठतो. हट्ट म्हणून उठत नाही.

विजयनगर_२६

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, नोकरी करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. मला अजूनही दाण्याचा कूट घातलेली भाजी खाता येत नाही. मऊ घासात मध्येच खरखरीत लागलं की सगळं अंग त्या एका कणाकडे जातं, चवीपर्यंत पोचताच येत नाही. पार्ले-जी आवडतो कारण तो प्रत्येक वेळी तोच असतो. मेथीची भाजी काल आणि आज एकसारखी नसते.

एक विनंती. काही आया बिनगव्हाची बिस्किटं जुन्या पुड्यात भरून देतात, फुलक्याच्या कणकेत चोरून दुसरं पीठ मिसळतात. करू नका. माझ्या दहीभातात औषध मिसळलं होतं. औषध कशाचं ते आठवत नाही, पण दहीभात त्या दिवसापासून सुटला. ज्याच्याकडे खाण्यासारखे सातच पदार्थ आहेत त्याचा एक पदार्थ तुम्ही असा घालवता. नवीन असेल ते वेगळ्या वाटीत, जुन्याच्या शेजारी ठेवा. वास घेतला, बोट लावलं, फेकलं, सगळं चालेल.

रामबाग_जुना_वाडा

वाचून गप्प झालो. आमच्याकडे चोरूनच चाललंय.

तरी माझं मत असं की पथ्य करायचं तर पुरतं करा. माझ्या भाच्याला सीलिअॅक निघालाय (ऑटिझम नाही), त्यामुळे बहिणीचं घर जवळून पाहतो. गहू कुठे कुठे लपलेला असतो! बाजारच्या बांधणीच्या (पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, म्हणजे तुमचं वरण गेलं. मेतकुटात गहू. थालिपिठाच्या भाजणीत गहू. सोया सॉसमध्ये गहू. चक्कीवर आधी कोणाचा गहू दळला असेल तर तुमच्या ज्वारीत तो येणारच, म्हणून तिने घरघंटी घेतली. पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहायचं तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) ग्लूटेनची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. चक्कीवरच्या पिठाला असली कोणती मर्यादा? सेंटरवाले यातलं काही सांगत नाहीत. नुसतं "पोळी बंद", आणि वर हिंगाची फोडणी चालू.

अन्नपूर्णा_रोडची_आई

हाच तर माझा मुद्दा! सीलिअॅकवाल्याला एवढं सगळं करावंच लागतं, कारण त्याचं आतडं खरंच खराब होतं. ज्याला तो आजार नाही त्याच्या घरावर हा सगळा भार कशासाठी? "डग-डग रोटी, पग-पग नीर" म्हणून ज्या माळव्याचं कौतुक, तिथे रविवारी सगळे दाल-बाफले (डाळ आणि गव्हाचे भाजलेले गोळे) खायला बसले की हा वेगळा डबा घेऊन कोपऱ्यात. चारचौघांत बसून खाणं हे तो आत्ता कुठे शिकतोय.

सुदामानगरची_ताई

बाफल्यांचं सांगू नका, ज्याला पोळीने त्रास होतो त्याला बाफल्यांचं काय कौतुक. माझी लेक वेगळा डबा खाते आणि मजेत खाते.

कामाचं बोलते. फुलक्यासारखी दिसणारी ज्वारीची पोळी मी करते, सरसकट गहू बंद न करणाऱ्यांनाही उपयोगी. वाटीभर पाणी मीठ आणि दोन थेंब तेल घालून उकळायचं, त्यात वाटीभर पीठ लोटून गॅस बंद, झाकण. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं, गार झालं की चिरतं. पोळपाटावर लाटून वर डब्याचं झाकण दाबायचं म्हणजे कड एकदम गोल निघते. तव्यावरून थेट आचेवर टाकली की टम्म फुगते. लगेच खाल्ली तर मऊ, डब्यात तासाभरात वातड. शाळेच्या डब्याला तांदळाचं घावन बरं.

दह्याला मात्र उपाय सापडलेला नाही. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून, उकळून, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून विरजण लावलं. लागतं दह्यासारखं, वास शेंगदाण्याचाच. लेकीने वाटी उलटी केली.

अन्नपूर्णा_रोडची_आई

झाकणाची युक्ती घेतली. फुलक्याच्या शेजारी वेगळ्या वाटीत ठेवून बघते, विजयनगर म्हणतात तसं.

आहार_सल्ला_इंदूर

सुदामानगरच्या ताई, दूध थांबवून पोट सुधारलं असेल तर लगेच परत सुरू करा असं मी म्हणणार नाही. पण कधीतरी बालरोगतज्ज्ञांना विचारून थोडं दही परत देऊन बघायचं असतं, आणि शाळेतल्या बाईंना न सांगता. त्यांनी स्वतःहून फरक सांगितला तर तो खरा. एका वेळी एकच बदल. गहू, दूध, साखर, नवी थेरपी सगळं एकाच आठवड्यात बदललं की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

सुदामानगरची_ताई

बाईंना न सांगता देऊन बघेन, पण परीक्षा संपल्यावर. आत्ता झोपतेय ती मोडायची माझी तयारी नाही. सरसकट बंद करू नका हे तुमचं म्हणणं मला अजूनही पटत नाही. पोटाचा त्रास असणाऱ्या मुलाच्या आईने वाट कशाला बघायची?

अन्नपूर्णा_रोडची_आई

वाट नका बघू, रक्त द्या आणि मग बंद करा, एवढंच म्हणणं आहे. याचंही वजन दोन वर्षांत फारसं वाढलेलं नाही, म्हणून याच आठवड्यात तपासणी करतोय, गहू चालू ठेवून. अडचण वेगळीच आहे. मागच्या वेळी रक्त काढताना चौघांनी धरलं होतं, तेव्हापासून पांढरा कोट दिसला तरी पळतो. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

विजयनगर_२६

धरू नका. घरी नमुना घ्यायला येणारे असतात, त्यांना कोटाशिवाय यायला सांगा. सुई टोचायच्या जागी बधिर करणारं क्रीम डॉक्टरांकडून लिहून घ्या, तासभर आधी लावावं लागतं. आदल्या दिवशी क्रमाने चित्रं काढून दाखवा : पट्टा, कापूस, सुई, पट्टी, पार्ले-जी. "दुखणार नाही" म्हणू नका, थोडं दुखेल असंच सांगा.

आहार_सल्ला_इंदूर

या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पार्ले-जी आधी दिलात तरी चालेल.