घरी बांधायच्या स्पोर्ट्स कारसाठी डोनर गाडी: सिएरा की एमएक्स-५?

कॉव्हेंट्रीकर:
नमस्कार. मी गेली नऊ वर्षे कॉव्हेंट्रीत राहतो आणि येत्या हिवाळ्यात लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची दोन आसनांची उघडी गाडी घरच्या गॅरेजमध्ये बांधायला घेणार आहे. चॅसी (गाडीचा सांगाडा) स्वतः वेल्ड करायची की तयार आणायची हे अजून ठरवलेले नाही, कारण त्याआधी डोनर गाडीचाच, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे त्या गाडीचाच, निर्णय होत नाही. सध्या दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली १९९१ ची फोर्ड सिएरा असून तिला दोन लिटरचे डीओएचसी (दोन कॅमशाफ्टचे) इंजिन आहे; गाडी चालू आहे आणि बॉडीही बऱ्यापैकी शाबूत आहे. दुसरी १९९० ची माझदा एमएक्स-५, इंजिन १.६ लिटरचे. तिचे दोन्ही सिल (दारांखालच्या पट्ट्या) इतके गंजले आहेत की एमओटी या वार्षिक चाचणीत ती नापास झाली, परंतु इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होते. अशा गाड्या बांधलेले जुने लोक मला सिएराच घे, तिचा गिअरबॉक्स उत्तम, असे सांगतात. आपले काय मत आहे, आणि गाडी घेताना नेमके काय तपासावे?

डर्बीचा लोहार:
आपल्याला सल्ला देणाऱ्यांच्या मनात बहुधा टाइप ९ हा पाच गतींचा गिअरबॉक्स असावा. तो फोर्डच्या जुन्या पिंटो इंजिनाच्या सिएरात येत असे. आपण पाहिलेल्या डीओएचसी गाडीत एमटी७५ हा गिअरबॉक्स असणार. तो मजबूत असला तरी अंगाने जाड आहे, त्याचे बेलहाउसिंग (इंजिनाला जोडणारे घंटेच्या आकाराचे आवरण) सुटे होत नाही, आणि सेव्हनसारख्या अरुंद गाडीत त्याच्यासाठी मधला बोगदा रुंद करावा लागतो, म्हणजे तेवढी जागा चालकाच्या पायांतून जाते. जुन्यांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्याच सिएराविषयी आहे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढच्या चाकांचा. सिएराला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब) आहेत, म्हणजे तिच्या अपराइटचे (चाकाचा हब धरणाऱ्या उभ्या भागाचे) वरचे टोक स्ट्रटची नळी धरण्यासाठी बनवलेले आहे. तिथे वरचा विशबोन (अपराइटला चॅसीशी जोडणारा व्ही आकाराचा हात) जोडायचा तर त्या भोकात बसेल असा वेगळा तुकडा लेथवर करून घ्यावा लागतो किंवा विकत आणावा लागतो. एमएक्स-५ ला मुळातच चारही चाकांना दुहेरी विशबोन असल्याने तिचे अपराइट, हब आणि ब्रेक जसेच्या तसे घेता येतात आणि आपल्याला केवळ विशबोन व ते अडकवायचे चॅसीवरचे कान तयार करावे लागतात. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या बांधल्या आहेत आणि पुढच्या सस्पेन्शनच्या कामात मला जवळजवळ एका महिन्याचा फरक पडला.

मात्र माझदाची एक खोड लक्षात ठेवावी. तिचा गिअरबॉक्स स्वतःच्या आडव्या पट्टीवर टेकलेला नसतो. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (थोडक्यात डिफ, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) एक लांब ॲल्युमिनियमची चौकट जाते आणि तीच दोघांना धरून ठेवते. सेव्हनच्या चॅसीत ती चौकट बहुतेक वेळा काढून टाकली जाते, त्यामुळे गिअरबॉक्सच्या शेपटीला आणि डिफच्या नाकाला नवे आधार द्यावे लागतात. डिफच्या नाकाचा आधार अशक्त राहिला तर क्लच सोडताच ते वर उचलले जाते, म्हणून तिथे पातळ पत्र्यावर भागवू नये.

वजनाचाही हिशेब करून पाहावा. १.६ चे इंजिन साधारण ११५ अश्वशक्तीचे आणि मूळ गाडी साडेनऊशे किलोंच्या आसपास. तेच इंजिन सव्वासहाशे किलोंच्या गाडीत घातले की टनामागे सुमारे १२० ऐवजी १८५ अश्वशक्ती मिळते. दोन लिटरच्या मागे लागण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

एक विनंती अशी की धडधाकट सिएरा कृपया कापू नये. कुटुंबाने वापरायच्या साध्या गाड्याच आधी नाहीशा होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या एस्कॉर्टचे हेच झाले. तिचे उत्पादन १९८० मध्ये थांबले आणि आता तिचा नुसता मागचा ॲक्सलही परवडत नाही.

कागदपत्रवाली काकू:
लोहारदादांनी लोखंडाचे सांगितले, मी कागदांचे सांगते, कारण मी तिथेच ठेच खाल्ली आहे. स्वस्त पडते म्हणून मी इंजिन एका गाडीचे, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आणि स्टिअरिंग एका भंगारवाल्याकडचे असे जमवले. पैसे खरोखरच वाचले, पण नोंदणीच्या वेळी एकाच डोनर गाडीचे दोन प्रमुख भाग मला दाखवता आले नाहीत आणि माझ्या गाडीला क्यू नंबर (वय किंवा मूळ निश्चित नसलेल्या गाडीचा नंबर) मिळाला. विशेष उत्पादकाकडची नवी चॅसी आणि एकाच डोनरचे दोन प्रमुख भाग, जसे इंजिन व गिअरबॉक्स, असतील तर डोनरच्या वयानुसार नंबर मिळतो. त्यासाठी अर्जासोबत डोनरचे व्ही५सी (नोंदणीपत्र) द्यावे लागते, म्हणून व्ही५सी नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. गाडी मोडण्यापूर्वी चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि प्रत्येक भाग मूळ जागी असतानाची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि चॅसी स्वतः वेल्ड करणार असाल तर नोंदणीचे सध्याचे नियम आधीच पाहावेत. इंजिनाच्या वयाचा पुरावाही जपावा, कारण आयव्हीए या, घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या तपासणीत धुराची मर्यादा त्यावरून ठरते.

एकच संपूर्ण गाडी घेण्याचा आणखी एक लाभ असा की वायरिंग, पेडल, हँडब्रेकची केबल, एवढेच काय तर योग्य लांबीचे बोल्टसुद्धा हाताशी असतात. हे बोल्ट सुटे आणायला गेले की माणूस रडकुंडीला येतो.

डर्बीचा लोहार:
काकूंशी पूर्ण सहमत. एक गोष्ट लिहायची राहिली. १९९० ची १.६ म्हणजे आखूड नाकाच्या (पुढचे टोक आखूड असलेल्या) क्रँकशाफ्टची शक्यता मोठी आहे. त्या इंजिनात पुढच्या पुलीचा बोल्ट सैल झाला की क्रँकवरचे दातेरी चाक जखडणारी छोटी चावी आणि तिची खाच झिजते, पुढे टायमिंग बिघडते आणि शेवटी क्रँकच निकामी होतो. पुलीवरच्या खाचा मोजाव्यात: चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचा सुधारलेला क्रँक. इंजिन चालू ठेवून पुली डुगडुगते का हेही पाहावे.

कॉव्हेंट्रीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी विजेरी घेऊन पुन्हा माझदा पाहायला गेलो आणि ओल्या अंगणात पोटावर आडवा पडून खाचा मोजल्या. त्या चारच निघाल्या. पण पुली अजिबात हलत नव्हती, आणि मालकाने टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती दाखवली, जिच्यात पुलीचा बोल्टही नवा घातल्याची नोंद आहे. आखूड नाकाची गोष्ट मी त्याला मोकळेपणाने सांगितली, त्यावर त्याने किंमत थोडी उतरवली. व्ही५सी त्याच्याच नावावर आहे. सिएराच्या मालकाला आज नकार कळवला. गाडी कापणार नाही असे कळल्यावर त्याचाही जीव भांड्यात पडला. माझदा शनिवारी ट्रेलरवरून घरी येईल. लोहारदादा, डिफच्या नाकाच्या आधाराला आपण किती जाडीचा पत्रा वापरला होता, तेवढे कृपया सांगावे.

डर्बीचा लोहार:
पाच मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंनी त्रिकोणी टेकू दिले होते.