बाळंतपणानंतर विरळ झालेले कुरळे केस आणि गोल चेहरा: कोणता कट करावा?

रानजाई
माझे वय 33 असून मी रत्नागिरीत राहते. केस कुरळे आहेत आणि चेहरा गोल, म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालांपाशी असलेली रुंदी जवळजवळ सारखीच भरते. बाळ तीन महिन्यांचे असताना माझे केस मुठीमुठीने गळू लागले. आता ते सात महिन्यांचे आहे आणि गळती थांबली आहे, पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस विरळ झाले आहेत आणि तिथे उगवलेले आखूड नवे केस वेणीत बसत नाहीत, क्लिपेतही राहत नाहीत. कमरेपर्यंतची वेणी टोकाला अगदी दोरीसारखी झाली आहे. पार्लरमध्ये मला दोन पर्याय सुचवले गेले: स्मूदनिंग करून केस सरळ करावेत, किंवा हनुवटीपर्यंत बॉब करावा. गणपतीत नऊवारी नेसून अंबाड्यावर गजरा माळण्याची मात्र माझी मनापासून इच्छा आहे. काय करावे?

कातरकाम
ताई, मी गेली 18 वर्षे पुण्यात केस कापण्याचे काम करते. माझे स्पष्ट मत असे आहे की आधी केसांचा विचार करावा आणि मग चेहऱ्याचा, कारण चेहऱ्याला शोभणारा कट तुमच्या केसांना पेलणार नसेल, तर तो पार्लरमधून घरी पोहोचेपर्यंतच शोभतो.

हनुवटीपर्यंतचा बॉब तुम्ही करू नये. सरळ केसांचा बॉब खाली पडतो, पण कुरळा बॉब बाजूंना पसरतो आणि नेमका गालांपाशी फुलतो, त्यामुळे गोल चेहरा अधिक रुंद दिसतो. तुम्हाला फुगीरपणा हवा आहे तो टाळूवर, गालांवर नव्हे. कमरेपर्यंतच्या केसांचे वजन मुळांपाशी कुरळेपणा ओढून सरळ करते आणि डोके वरून चपटे दिसते, म्हणून लांबी कमी केल्याबरोबर टाळूवरचे केस आपोआप उचलले जातील. सुकल्यावर केस खांद्यांच्या चार बोटे खाली येतील इतकी लांबी ठेवावी. लेयर, म्हणजे वेगवेगळ्या लांबीला कापलेले केसांचे थर, दोन-तीनच आणि लांब घ्यावेत, त्यांतला सर्वांत आखूड लेयर हनुवटीच्या खालीच संपला पाहिजे. केस विरळ असताना जास्त लेयर घेतले, की टोके आणखी पातळ दिसतात. वस्तरा किंवा केस पातळ करणारी दातेरी कात्री वापरू देऊ नका, हे खुर्चीवर बसतानाच सांगावे.

भांग मधोमध न पाडता एका बाजूला, डाव्या किंवा उजव्या भुवईच्या मध्यावर पाडून पाहा. एका कोपऱ्यावर केसांची बट येते आणि चेहऱ्यावर तिरकी रेघ पडल्यामुळे तो थोडा लांबट भासतो.

अबोली
मीही कोकणातली आणि कुरळ्या केसांची, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते: केस कोरडे असतानाच कापून घ्या. ओले कुरळे केस ताणले जाऊन लांब दिसतात आणि सुकले की वर चढतात. एका ठिकाणी माझे पुढचे केस ओले असताना भुवयांपर्यंत कापले गेले आणि सुकल्यावर ते कपाळाच्या मध्यावर येऊन थांबले. ते वाढेपर्यंत मी चार महिने क्लिपा लावून वावरले, कारण केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटरच वाढतात. आपल्याकडच्या दमट हवेत केस ओलावा शोषून आणखी फुलतात, म्हणून शहरातल्या वातानुकूलित खोलीत दिसलेल्या लांबीवर विसंबू नका. जाताना केस तेल न लावता, न विंचरता, नेहमीसारखे सुकवून मोकळे सोडून जा, म्हणजे कापणाऱ्या बाईंना तुमची खरी वळणे दिसतील.

दवबिंदू
मी त्वचारोग विभागात काम करते. गरोदरपणी संप्रेरकांमुळे एरवी गळले असते असे केसही वाढीच्या अवस्थेत टिकून राहतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ते एकदम गळतात. बहुतेक जणींची घनता साधारण वर्षभरात परत येते आणि तुम्हाला दिसणारे आखूड केस हीच त्याची खूण आहे. बाळ वर्षाचे झाल्यावरही विरळपणा राहिला, तर थायरॉइड आणि लोह तपासून घ्या.

स्मूदनिंगबद्दल मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. अशा अनेक उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड हा वायू बाहेर पडतो, जो डोळ्यांना आणि श्वासमार्गाला त्रास देतो आणि कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. शिवाय सरळ केस टाळूला चिकटून बसल्यावर कपाळाचे विरळ कोपरे लपत नाहीत, उलट उघडे पडतात.

रानजाई
सर्वांचे मनापासून आभार. म्हणजे बॉब आणि स्मूदनिंग दोन्ही बाद. पण खांद्याखाली चार बोटे एवढ्या केसांचा अंबाडा बसेल का? आणि कपाळावरच्या आखूड केसांचे काय करावे?

कातरकाम
अंबाडा बसेल. मानेपाशी सैल पोनीटेल बांधून तिच्याभोवती केस गुंडाळावेत आणि आकड्यांनी बसवावेत. खोपा भरीव दिसण्यासाठी आत जाळीचा डोनट, म्हणजे गोल कडे, घालता येतो आणि गजरा गोलाकार माळला, की तो झाकलाही जातो. फक्त केस घट्ट ओढू नका. कोपऱ्यांतले नवे केस नाजूक असतात आणि रोजच्या ताणाने तिथली मुळे दुखावतात. सणाच्या दिवशी भांगाजवळचे केस थोडे सैल सोडून टाळूवर उंची ठेवावी, म्हणजे केस मागे बांधूनही चेहरा गोल वाटणार नाही.

आखूड केस कापू नयेत. त्यांच्या जोडीला भांगाच्या बाजूच्या एक-दोन बटा गालांच्या खालपर्यंत येतील एवढ्या लांब कापून घ्याव्यात, म्हणजे नवे केस त्यांच्या आडोशाने वाढतील. न्हाल्यावर केस ओले असतानाच त्यांवर वाटाण्याएवढे जेल बोटांनी लावून ते बटांच्या दिशेने वळवावेत आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नये. कट गणपतीच्या निदान तीन आठवडे आधी करा, कारण कुरळ्या केसांत एखादी बट कमी-जास्त झाली आहे का, हे दोन-तीनदा न्हाल्यावरच कळते आणि ती नीट करून घ्यायला वेळ हाताशी राहतो.