मदत हवी आहे: व्हीएमसी ऑपरेटरचं काम, चाकण-भोसरी साइडला

नमस्कार मंडळी, मी आयटीआय मशिनिस्ट, 11 वर्षं व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारी कॉम्प्युटरवरची मशीन) चालवलीये, फानुक कंपनीच्या कंट्रोलवर मशीनचं सेटिंगपण येतं. अडीच महिन्यांपूर्वी आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांना गेटवरूनच परत पाठवलं, आईला अजून सांगितलं नाहीये म्हणून रोज डबा घेऊन निघतो, चाकण, तळवडे, भोसरी सगळीकडे बायोडाटा देऊन झाला आणि डबा कुठल्यातरी टपरीमागे बसून खातो. बायको म्हणते पांडुरंग बघतोय, माझापण विश्वास आहे हो, पण पोरीची फी 15 तारखेला भरायचीये. आता एक कन्सल्टन्सीवाला जॉइनिंगच्या आधीच 3000 मागतोय, द्यावे का? कुणाच्या वर्कशॉपमध्ये जागा असेल तर प्लीज सांगा, नाइट शिफ्टपण चालेल.